लॅपटॉपचा आवाज गेला? आधी तो कुठे अडकलाय ते शोधा

लॅपटॉप मुका झाला की बहुतेक जण थेट ड्रायव्हर (विंडोज आणि उपकरण यांना जोडणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकायच्या मागे लागतात. तेवढ्याने भागलं नाही तर विंडोजच नव्याने टाकतात. हे दोन्ही उपाय कधीतरी लागतात, पण ते रांगेत शेवटचे. 'आवाज गेला' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो गेलेला नसतो, भलतीकडे चाललेला असतो: पलीकडच्या खोलीत चालू राहिलेल्या ब्लूटूथ स्पीकरकडे, आत स्पीकरच नसलेल्या मॉनिटरकडे, नाहीतर जॅकमध्ये न लावलेल्या हेडफोनकडे. अशा वेळी ड्रायव्हर बदलून काही साधत नाही. उलट नीट चाललेलं काहीतरी बिघडायची शक्यता मात्र असते.

म्हणून आधी आवाजाचा रस्ता समजून घेऊ. गाणं वाजवणारं ॲप आवाजाचे आकडे विंडोजला देतं. विंडोज सगळ्या ॲप्सचे आवाज एकत्र मिसळून, निवडलेल्या उपकरणाच्या ड्रायव्हरकडे पाठवतं. ड्रायव्हर ते मदरबोर्डवरच्या कोडेक नावाच्या चिपला पोचवतो आणि ही चिप आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करते. (बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती रिअलटेकची असते, त्यामुळे सेटिंग्जमध्ये हे नाव जागोजागी दिसतं.) तिथून पुढे एक छोटा ॲम्प्लिफायर आणि मग स्पीकर. यात कुठेही खंड पडला तरी आपल्या कानाला कळतं एवढंच, की आवाज येत नाही. खंड नेमका कुठे आहे ते शोधायला सुरुवातीला सेटिंग्जमध्ये शिरायचीही गरज नसते.

आधी तीन चाचण्या

पहिली: दुसऱ्या ॲपमध्ये काहीतरी वाजवा. ब्राउझरमधला व्हिडिओ मुका असेल, पण लॅपटॉपमध्ये साठवलेलं गाणं वाजत असेल, तर लॅपटॉप ठणठणीत आहे. ब्राउझरच्या टॅबवर उजवं क्लिक करा. 'अनम्यूट साइट' असं दिसलं तर ती साइटच कधीतरी चुकून मुकी केली गेली आहे. मीटिंगच्या ॲप्सचं वेगळंच असतं. झूम, टीम्स, मीट यांच्या आत स्वतःची स्पीकर आणि माइकची निवड असते आणि विंडोजमध्ये काय निवडलंय याच्याशी ती जुळेलच असं नाही. आवाज फक्त मीटिंगमध्ये येत नसेल तर बाहेर शोधत बसू नका, त्या ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जा.

दुसरी: वायरचा हेडफोन जॅकमध्ये लावून ऐका. हेडफोनमध्ये आवाज येतो आणि स्पीकरमध्ये येत नाही, याचा अर्थ ॲप, विंडोज, ड्रायव्हर आणि कोडेकचा बराचसा भाग शाबूत आहे. आता संशय तिघांवरच उरतो: जॅक, स्पीकरचा ॲम्प्लिफायर आणि खुद्द स्पीकर.

तिसरी चाचणी फारसं कोणी करत नाही, पण तिच्यातून सगळ्यात जास्त कळतं. यूएसबीचा हेडफोन किंवा ब्लूटूथ इअरबड जोडून बघा. अशा उपकरणात आकड्यांचं लहरींत रूपांतर करणारी चिप त्याची स्वतःची असते, म्हणजे लॅपटॉपच्या कोडेकला पूर्ण वळसा बसतो. यूएसबी हेडफोन वाजतो पण जॅकमधला वाजत नाही आणि स्पीकरही वाजत नाहीत, असं असेल तर विंडोजची आवाजाची यंत्रणा ठीक आहे. घोटाळा अंतर्गत चिपच्या ड्रायव्हरमध्ये नाहीतर चिपमध्ये आहे. आणि यूएसबी हेडफोनही मुका असेल तर सगळ्याच उपकरणांना सामाईक असलेलं काहीतरी बिघडलंय, म्हणजे आवाज एकत्र करणारा मिक्सर किंवा विंडोजची ऑडिओ सर्व्हिस (मागे सतत चालू असणारा आवाजाचा प्रोग्राम).

या तिन्ही चाचण्यांना मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि पुढचे निम्मे भाग वाचायची गरज उरत नाही.

'बंद करून चालू केला' म्हणजे रीस्टार्ट नव्हे

विंडोज ८ पासून 'शट डाउन' पूर्वीसारखं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद करताना विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. अडकलेला ऑडिओ ड्रायव्हर त्यामुळे रात्रभर बंद ठेवलेल्या लॅपटॉपमध्येही सकाळी तसाच अडकलेला सापडू शकतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्याने उभं करतं. शिफ्टचं बटण दाबून धरून 'शट डाउन' वर क्लिक केलं तरी पूर्ण बंद होतं.

झोपेतून उठवल्यावर लॅपटॉपचा आवाज नेहमी जात असेल तर एक पाऊल पुढे जा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर आणि जोडलेली सगळी उपकरणं काढा, पॉवरचं बटण साधारण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर जोडून चालू करा. उरलीसुरली वीज निघून गेली की अडकलेल्या चिपा बऱ्याचदा ताळ्यावर येतात.

आवाज चाललाय कुठे?

विंडोज ११ मध्ये विंडोज + कंट्रोल + व्ही ही बटणं एकत्र दाबा. आवाज बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटांची यादी उघडेल. ती उघडली नाही तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा आणि आवाजाच्या पट्टीशेजारचा बाण दाबा. विंडोज १० मध्ये त्याच चिन्हावर क्लिक केल्यावर पट्टीच्या वर उपकरणाचं नाव दिसतं. त्यावर क्लिक केलं की यादी खुलते. यादीत 'स्पीकर्स' असं लिहिलेलं, शक्यतो रिअलटेक किंवा तत्सम नाव असलेलं उपकरण निवडा. एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज बहुतेक वेळा न विचारता आवाज तिकडे वळवतं. मॉनिटरला स्पीकर नसले तरी यादीत त्याचं नाव दिसू शकतं.

उपकरण बरोबर आहे आणि तरी शांतता आहे? मग जुन्या साउंडच्या खिडकीत जा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड या क्रमाने जाऊन अगदी तळाला 'मोअर साउंड सेटिंग्ज' आहे. विंडोज १० मध्ये त्याच पानावर 'साउंड कंट्रोल पॅनेल' असा दुवा आहे. खिडकीतल्या 'प्लेबॅक' टॅबमध्ये प्रत्येक उपकरणापुढे एक उभी पट्टी असते. गाणं चालू ठेवून ती पट्टी बघा.

या पट्टीइतकं उपयोगी निदान विंडोजमध्ये दुसरं नाही. आपल्या स्पीकरपुढची पट्टी हिरवी होऊन वरखाली नाचत असेल तर विंडोज आवाज पाठवतंय आणि अडथळा पुढे आहे: ड्रायव्हर, चिप, जॅक, स्पीकर यांपैकी कुठेतरी. दुसऱ्याच उपकरणाची पट्टी नाचत असेल तर आवाज तिकडे चाललाय. हव्या त्या उपकरणावर उजवं क्लिक करून 'सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस' करा. एकही पट्टी हलत नसेल तर ॲपकडूनच काही येत नाही किंवा सर्व्हिस बंद आहे. यादीत स्पीकरच दिसत नसेल तर रिकाम्या जागेवर उजवं क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' चालू करा. कोणीतरी बंद केलेला स्पीकर फिकट रंगात प्रकट होतो आणि तिथूनच चालू करता येतो.

सेटिंग्जमधल्या साउंडच्या पानावरून ॲपनिहाय मिक्सरही एकदा बघून घ्या. प्रत्येक ॲपची स्वतंत्र पट्टी आणि स्वतंत्र उपकरण ठरवायची सोय तिथे आहे, आणि एकदा ठरवलं की विंडोज ते लक्षात ठेवतं. मागे केव्हातरी ब्राउझरचा आवाज हेडफोनकडे वळवला असेल तर बाकी सगळं स्पीकरवर वाजतं आणि ब्राउझर तेवढा मुका राहतो. एकेक शोधण्यापेक्षा त्याच पानावरचं 'रीसेट' बटण दाबलेलं बरं.

सर्व्हिस नव्याने सुरू करणं

एकही उपकरण वाजत नसेल तर स्टार्ट मेनूत इंग्रजीत 'सर्व्हिसेस' शोधून ते ॲप उघडा. यादीत 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन नोंदी शोधा. दुसरी नोंद उपकरणांची यादी सांभाळते आणि पहिली तिच्यावर अवलंबून असते. म्हणून एंडपॉइंट बिल्डरवर उजवं क्लिक करून 'रीस्टार्ट' दाबा. विंडोज ऑडिओही सोबत रीस्टार्ट करू का असं विचारलं तर होकार द्या. दोन्हींचा 'स्टार्टअप टाइप' 'ऑटोमॅटिक' आहे ना, तेही पाहा. मीटिंग ऐन भरात असताना आवाज गेला तर अख्खा लॅपटॉप रीस्टार्ट करण्यापेक्षा हा उपाय फार लवकर होतो.

जॅकचे उपद्व्याप

हेडफोन काढला तरी लॅपटॉपला तो लावलेलाच वाटतो, ही जुनी आणि अजूनही सर्रास आढळणारी तक्रार. जॅकच्या आत पिन शिरली की सरकणारी एक बारीक पट्टी असते. धुळीने किंवा सैल झाल्याने ती अडकली की चिप स्पीकर बंदच ठेवते. हेडफोनची पिन आठदहा वेळा आतबाहेर करा. मग लॅपटॉप बंद करून टॉर्चने आत बघा. खिशातला किंवा पिशवीतला धागा आत दडपलेला दिसला तर हवेच्या फुग्याने फुंकून काढा. टाचणी किंवा सुई आत घालू नका. ती पट्टी एकदा वाकली की वाकलीच.

काही ड्रायव्हर पिन लावताच 'कोणतं उपकरण जोडलंत?' असं विचारतात. घाईत 'माइक' किंवा 'लाइन इन' निवडलं गेलं तर हेडफोनमध्ये काहीच ऐकू येणार नाही. रिअलटेकच्या ऑडिओ कन्सोलमध्ये जाऊन ही निवड बदलता येते.

माइकवाल्या हेडफोनच्या ३.५ मिलिमीटर पिनेवर तीन काळ्या किंवा पांढऱ्या कड्या, म्हणजे चार संपर्क असतात. नुसत्या हेडफोनला दोन कड्या आणि तीन संपर्क. जुन्या लॅपटॉपला माइक आणि हेडफोनसाठी दोन वेगळे जॅक असतात, तिथे चार संपर्कांची पिन थेट लावली तर माइक चालत नाही, दोन फाटे असलेली जोडणी लागते. आणि गाण्यात वाद्यं नीट ऐकू येतात पण गायकाचा आवाज लांबून, पोकळ आल्यासारखा वाटतो, असं झालं तर पिन पूर्ण आत गेलेली नाही. दोन्ही बाजूंना सामाईक असलेला 'ग्राउंड' संपर्क तुटला की डाव्या आणि उजव्या बाजूतला फरक तेवढा ऐकू येतो, आणि दोन्ही बाजूंना सारखाच असलेला गायकाचा आवाज वजा होऊन जातो. पिन जोर लावून आत ढकला, जाड कव्हर आड येत असेल तर ते काढा.

आता ड्रायव्हर

स्पीकर यादीत मुळीच नाही, टास्कबारवरच्या चिन्हावर लाल फुली आहे, किंवा पट्टी नाचते पण अंतर्गत चिपकडून काहीच बाहेर येत नाही, एवढ्या वेळीच ड्रायव्हरला हात लावा.

विंडोज + एक्स दाबा आणि मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' हा गट उघडा. पुढचा क्रम पाळा, कारण त्यात कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे जायचं आहे.

१. आवाज विंडोजच्या अपडेटनंतर गेला असेल तर ऑडिओ उपकरणावर दोनदा क्लिक करा, 'ड्रायव्हर' टॅबमध्ये जा आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. बटण फिकट असेल तर आधीचा ड्रायव्हर साठवलेला नाही.

२. उपकरणावर उजवं क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडा. ड्रायव्हरही काढून टाकायचा का, हे विचारणारी चौकट पहिल्या वेळी रिकामी ठेवा. रीस्टार्ट केल्यावर विंडोज तोच ड्रायव्हर नव्याने बसवतं, आणि नुसत्या विस्कटलेल्या नोंदींचा प्रश्न असेल तर एवढ्यावर मिटतो.

३. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन आपल्या नेमक्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर उतरवा. मॉडेलचं नाव लॅपटॉपच्या पाठीवर छापलेलं असतं. 'सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो' म्हणणारी सॉफ्टवेअर मात्र लांबच ठेवा. चिपचं नाव तेच असलं तरी प्रत्येक मॉडेलमध्ये तिची जोडणी आणि स्पीकरची मांडणी वेगळी असते, आणि कंपनीचा ड्रायव्हर त्या मांडणीसाठी जुळवलेला असतो.

४. तरीही जमलं नाही तर विंडोजसोबत येणारा सर्वसामान्य ड्रायव्हर लावून बघा. 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कंप्युटर', मग 'लेट मी पिक' आणि यादीतून 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. याने आवाज आला तर चिप जिवंत आहे, एवढं नक्की. आवाज पातळ, बेस नसलेला वाटेल; कंपनीने स्पीकरसाठी केलेली जुळवणी या ड्रायव्हरमध्ये नसते.

अलीकडच्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आणखी एक दुवा मध्ये येतो. तिथे अंतर्गत स्पीकर किंवा माइक 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी' नावाच्या भागामार्फत जोडलेले असतात, आणि त्याची नोंद 'सिस्टम डिव्हायसेस' या वेगळ्याच गटात असते. तिथे पिवळा त्रिकोण असेल तर रिअलटेकचा ड्रायव्हर कितीही वेळा टाका, उपयोग नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर आवाज आणि माइक दोन्ही नाहीसे झाले, तर सगळ्यात आधी इथेच बघावं. कंपनीच्या साइटवर हा ड्रायव्हर बऱ्याचदा चिपसेटच्या विभागात ठेवलेला असतो, ऑडिओच्या नाही.

खरखर, तडतड, तुटक आवाज

इथे हेडफोनची चाचणी पुन्हा कामी येते. खरखर फक्त स्पीकरमध्ये, तीही मोठ्या आवाजात आणि ठराविक सुरांवर असेल तर स्पीकरचा पडदा फाटलाय किंवा काहीतरी सैल होऊन थरथरतंय. खरखर हेडफोनमध्येही असेल तर सॉफ्टवेअर बघा.

सुरुवात 'एन्हान्समेंट्स' पासून. स्पीकरच्या गुणधर्मांत आवाज 'सुधारणाऱ्या' सोयी असतात, आणि त्या बिघडवतात जास्त, असं माझं मत आहे. त्या बंद करून ऐका. मग साउंडच्या जुन्या खिडकीत स्पीकरच्या गुणधर्मांतल्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'डिफॉल्ट फॉरमॅट' बघा. १६ किंवा २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. व्हिडिओचा आवाज सर्वसाधारणपणे याच वेगाने नोंदवलेला असतो, सीडीचा ४४१०० हर्ट्झने. १९२००० हर्ट्झ निवडून लॅपटॉपच्या स्पीकरमधून काही जास्त ऐकू येत नाही, प्रोसेसरचं काम मात्र वाढतं. त्याच टॅबमध्ये 'एक्सक्लुझिव्ह मोड' च्या दोन चौकटी आहेत. एखादं ॲप उघडलं की बाकी सगळ्यांचा आवाज बंद होत असेल तर त्या रिकाम्या करा.

आवाज क्षणभर तुटतो, व्हिडिओही किंचित अडखळतो, असं वारंवार होत असेल तर दोषी ऑडिओचा ड्रायव्हर असेलच असं नाही. वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसरला फार वेळ धरून ठेवतो आणि तेवढ्यात आवाजाचा साठा संपतो. वायफाय थोडा वेळ बंद करून बघा. तडतड थांबली तर वायफायचा ड्रायव्हर अपडेट करा. कोणता ड्रायव्हर अडवतोय हे दाखवणारं 'लेटन्सीमॉन' नावाचं मोफत साधन आहे. फक्त बॅटरीवर असताना तुटत असेल तर पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' वर ठेवून ऐका.

चार्जर जोडला की जॅकमध्ये गुणगुण येते आणि काढला की थांबते, हा विजेचा प्रश्न आहे. चार्जरला अर्थिंगची पिन असेल तर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा. बाहेरचे स्पीकर आणि लॅपटॉप एकाच बोर्डवरून चालवा. तरीही राहिली तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड वापरून बघा, किंवा जॅक आणि स्पीकर यांच्यामध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा.

ब्लूटूथ: गाणं छान, मीटिंगमध्ये मात्र जुना टेलिफोन

ब्लूटूथ हेडसेटचा दर्जा मीटिंग सुरू होताच एकदम घसरतो. हेडसेटमध्ये बिघाड नसतो. गाणी ऐकताना ब्लूटूथ एटूडीपी नावाची पद्धत वापरतं, त्यात स्टीरिओ आवाज येतो पण तो एकाच दिशेने. माइक चालू झाला की हँड्सफ्री पद्धतीवर जावं लागतं. तिथे दोन्ही दिशांना आवाज न्यायचा असल्याने तो मोनो होतो आणि नमुन्यांचा वेग ८००० किंवा १६००० हर्ट्झवर येतो.

उपाय सोपा आहे: ऐकायला ब्लूटूथ हेडसेट आणि बोलायला लॅपटॉपचा स्वतःचा माइक. मीटिंगच्या ॲपमध्ये माइक बदलला की काही सेकंदांत आवाज पुन्हा भरदार होतो. विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटच्या 'स्टीरिओ' आणि 'हँड्सफ्री' अशा दोन नोंदी दिसतात. गाण्यांसाठी स्टीरिओच निवडा. लॅपटॉप आणि हेडसेट दोन्हींत नवी एलई ऑडिओ पद्धत असेल तर हा त्रास कमी होतो, पण ती दोन्हीकडे हवी.

हेडसेट जोडलेला दिसतो पण वाजत नाही, तर तो फोनलाही जोडलेला आहे का ते बघा. दोघांत ओढाताण चालू असते. शेवटी लॅपटॉपमधून तो 'रिमूव्ह' करून नव्याने जोडणं हाच खात्रीचा मार्ग.

माइक, आणि काही किरकोळ तक्रारी

माइक चालत नसेल तर आधी कीबोर्ड बघा. बऱ्याच लॅपटॉपना माइक बंद करणारं बटण असतं आणि त्यावरचा दिवा पेटलेला म्हणजे माइक बंद. मग सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी', त्यात 'मायक्रोफोन'. वरचा मुख्य खटका, आणि खाली डेस्कटॉप ॲप्ससाठीचा वेगळा खटका, दोन्ही चालू हवेत. दुसरा खटका बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. आवाज फार बारीक जात असेल तर जुन्या खिडकीच्या 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये माइकच्या 'लेव्हल्स' मध्ये 'बूस्ट' असतो. १० किंवा २० डेसिबल पुरे, त्यापुढे पंख्याची घरघरही सोबत जाते.

कॉल आला की बाकी आवाज आपोआप मंद होतात, ती विंडोजचीच करामत आहे. जुन्या खिडकीच्या 'कम्युनिकेशन्स' टॅबमध्ये इतर आवाज ८० टक्के कमी करण्याची निवड मुळातच चालू असते. 'डू नथिंग' करा. एकाच बाजूने आवाज येत असेल तर 'लेव्हल्स' मधलं 'बॅलन्स' बघा. झोपेतून उठताना किंवा गाण्याच्या सुरुवातीला पहिला अर्धा सेकंद गिळला जातो, तो वीज वाचवण्यासाठी झोपलेली चिप जागी होण्याचा वेळ. त्याची काळजी नको.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर सिस्टम सेटिंग्ज, साउंड, आउटपुट इथे उपकरण बघा. एचडीएमआयचा मॉनिटर निवडलेला असेल तर आवाजाची पट्टी फिकट होऊन हलेनाशी होते. तो बिघाड नव्हे. आवाज मॉनिटरच्या बटणांनी कमीजास्त करायचा. सगळंच ठप्प असेल तर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये 'कोअरऑडिओडी' ही प्रक्रिया शोधून बंद करा, ती लगेच आपोआप पुन्हा सुरू होते. जुन्या इंटेल मॅकवर चालू करताना ऑप्शन, कमांड, पी आणि आर ही बटणं सुमारे २० सेकंद धरून एनव्हीरॅम (काही सेटिंग्ज साठवणारी छोटी मेमरी) कोरी करता येते. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर हे लागत नाही, रीस्टार्ट पुरतं.

लिनक्समध्ये आउटपुटच्या जागी 'डमी आउटपुट' दिसलं तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, चिप सापडलेली नाही. नव्या इंटेल लॅपटॉपवर याचं नेहमीचं कारण म्हणजे साउंड ओपन फर्मवेअरचं पॅकेज नसणं. ते टाकून रीस्टार्ट करा. चिप सापडली पण मुकी असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ६ ने कार्ड निवडा आणि ज्या खांबाखाली 'एमएम' दिसतं तिथे एम दाबा. जॅक अडकल्याने स्पीकर बंद राहत असतील तर तिथेच 'ऑटो-म्यूट मोड' बंद करायची सोय आहे. लॅपटॉपवर दोन्ही सिस्टम असतील आणि विंडोजमधून आल्यावरच लिनक्स मुकं होत असेल, तर मघाचं फास्ट स्टार्टअप बंद करा.

खरंच हार्डवेअर गेलंय का?

पुरावा मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक, लॅपटॉपची स्वतःची तपासणी. डेलवर चालू करताना एफ१२ दाबून 'डायग्नोस्टिक्स', एचपीवर एस्केप आणि मग एफ२. या तपासण्या विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतात. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ऑडिओ बंद केलेला नाही ना, तेही याच वेळी बघून घ्या. दुसरा मार्ग, पेनड्राइव्हवरून उबंटूसारखं लिनक्स न बसवता चालवून बघणं. तिथे स्पीकर वाजले तर हार्डवेअर निर्दोष आहे आणि विंडोजशीच झगडायचं आहे. तिथेही मुके राहिले तर जवळपास खात्री, पूर्ण नाही, कारण एखाद्या अगदी नव्या मॉडेलला लिनक्सचा आधार अपुरा असू शकतो.

हेडफोन वाजतो, जॅक स्वच्छ आहे, आणि कुठल्याच सिस्टममध्ये स्पीकर वाजत नाहीत, तर लॅपटॉप उघडण्याची वेळ आली. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका. नसेल तर पाठीचं झाकण काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवा. स्पीकरचा बारीक कनेक्टर सैल झालाय का बघा, आणि ओढायचा झाला तर वायरीला धरून ओढू नका. मल्टीमीटर असेल तर स्पीकरची दोन टोकं मोजा. लॅपटॉपचे स्पीकर साधारण ४ ते ८ ओहमचे असतात. त्याच्या आसपास आकडा आला तर आतली तार शाबूत आहे, काहीच आकडा आला नाही तर ती तुटलेली आहे. स्पीकर बंद प्लास्टिकच्या डबीत जोडीने येतात, म्हणून नवे घेताना डबीवरचा पार्ट नंबर जुळवा आणि दोन्ही एकदम बदला.

जॅक बिघडलेला असेल तर दुरुस्तीला देण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: या मॉडेलमध्ये जॅक मदरबोर्डवर टाकलेला आहे की वेगळ्या छोट्या बोर्डवर? वेगळा बोर्ड असेल तर तो बदलून थोडक्यात भागतं. मदरबोर्डवर असेल तर सोल्डरिंगचं नाजूक काम आहे.

कोडेक चिपच गेली असेल तर तिच्यासाठी मदरबोर्ड बदलणं क्वचितच परवडतं. अशा लॅपटॉपला यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लावा आणि त्याला हेडफोन किंवा बाहेरचे स्पीकर जोडा. ते लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुनं अंतर्गत उपकरण 'डिसेबल' करून टाका, नाहीतर एखाद्या अपडेटनंतर विंडोज पुन्हा त्याच मेलेल्या चिपकडे आवाज पाठवायला लागेल.